अंदाजे रीडिंग

आमच्या घरमालकांच्या घरात ‘कसंतरी होतंय’ असं म्हणायला बंदी होती.

मला ती पहिल्याच दिवशी कळली. देवासच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी मिळाली होती आणि मी साताऱ्याहून तीन गाड्या बदलून, खोली पाहायला त्यांच्या ओट्याशी उभी होते. उन्हानं डोकं उठलं होतं. ते म्हणाले, “बसा मॅडम, काय झालं?” आणि मी सवयीनं म्हणाले, “काही नाही, जरा कसंतरी होतंय.”

“कुठे?”

“म्हणजे... असंच.”

“असंच ही काही जागा नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “पोटात? छातीत? कानशिलात? तोंडानं सांगू नका. हात ठेवून दाखवा.”

एवढ्यात आतून काकू आल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, त्यांचा जीव घाबरून राहिला असेल. थांबा, लिंबू आणते.”

परक्या गावात पहिल्याच भेटीत भित्री ठरायची माझी तयारी नव्हती. “नाही नाही,” मी म्हणाले, “मी अजिबात घाबरलेली नाही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माळव्यातल्या मराठीत जीव घाबरतो तो पोटात, म्हणजे मळमळतं. हिंदीतलं ‘जी घबराना’ या घरांत कधीतरी पाहुणं म्हणून आलं आणि मराठी लुगडं नेसून राहिलं. आमच्याकडे जीव घाबरतो तो भीतीनं. हा घोटाळा उलगडायला दोन पेले सरबत लागलं. उलगडला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा आनंद मी नंतर फक्त एकदाच पाहिला, आणि तो भलत्या वेळी.

“ऐकलं का!” ते काकूंना म्हणाले. “एकच शब्द. इकडे पोटाचा, तिकडे मनाचा. अगं, दोघांची वायर एकच आहे!”

मला खोली मिळाली ती या शब्दामुळे, असं मला आजही वाटतं. भाडं, पाणी, पाहुणे यांबद्दल ते त्या दिवशी बोललेच नाहीत.

वायर हा त्यांचा हक्काचा शब्द होता. चौतीस वर्षं त्यांनी वीज खात्यात मीटरचं रीडिंग घेतलं होतं. टोंकखुर्दपासून हाटपिपल्यापर्यंत कुणाच्या घरात मीटर कुठल्या दारामागे आहे आणि त्या दारामागे कुत्रं आहे का, हे त्यांना पाठ होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी काम सोडलं नाही, फक्त मीटर बदलले. “लोक बिल बघतात,” ते म्हणत. “ओरडणं, रडणं, अबोला, हे सगळं बिल. मीटर आत असतं. ते कोणी वाचत नाही, आणि मग म्हणतात बिल चुकीचं आलं.”

रीडिंग घ्यायला गेलं आणि घराला कुलूप असलं तर पुस्तकात ‘ताला बंद’ लिहून पुढे जायचं, अशी त्यांच्या खात्याची रीत होती. कामचुकार लोक दार न उघडताच अंदाजे आकडा टाकत; काका मात्र पुन्हा जात. ‘कसंतरी’, ‘असंच’ आणि ‘काही नाही’ या तीन उत्तरांना काका ‘ताला बंद’ म्हणत. माझ्यासारखीची पंचाईतच होती. माझं निम्मं बोलणं या तीन शब्दांत भागत असे आणि उरलेलं निम्मं पुस्तकांच्या नावांत.

“मॅडम, आज रीडिंग?” सकाळी जिन्यात ते विचारत.

“ठीक आहे, काका.”

“ताला बंद,” ते पुटपुटत आणि टेकडीवर मातेच्या दर्शनाला निघत.

खात्याचं एक जुनं, न वापरलेलं रीडिंगचं पुस्तक त्यांच्याकडे उरलं होतं. त्यात ‘ग्राहक’ हा रकाना खोडून त्यांनी ‘जागा’ असं लिहिलं होतं, आणि शेवटी एक रकाना वाढवला होता : ‘कारण’. त्यात ते स्वतःच्या नोंदी करत. मला त्यांनी त्या कौतुकानं दाखवल्या होत्या. ‘सकाळी ७. पोट. मूठ आवळलेली. कारण : टीव्हीवरच्या बातम्या.’ ‘दुपारी १. मान, डावी बाजू. कारण : पाहुणे. ४ वाजता पाहुणे गेले. मान सुटली.’ ‘संध्याकाळी ६. छातीत ऊब. कारण : सापडत नाही.’ आणि खाली वेगळ्या शाईनं : ‘सापडले. गरम कचोरी.’

काकूंना या शास्त्राबद्दल आदर नव्हता. “चाळीस वर्षं मी यांना सांगून राहिले की माझं डोकं दुखतं,” त्या मला म्हणाल्या, “आणि आता हे विचारतात, कुठे. अहो कुठे म्हणजे? डोक्यात!”

शास्त्र कधी कधी लागूही पडायचं. आमच्या गल्लीत येणारा भाजीवाला एकदा एका बाईवर इतका ओरडला की लोक खिडक्यांत आले. काका खाली उतरले आणि त्याच्या हातगाडीवर हात ठेवून म्हणाले, “भिया, ये जो गुस्सा आ रिया है, ये किधर आ रिया है?”

“बाबूजी, भिंडी लेना हो तो लो, नी तो गाड़ी आगे जाने दो.”

“भिंडी भी लूंगा. पेले बता. हाथ रख के बता.”

भाजीवाल्यानं आधी आकाशाकडे पाहिलं, मग आमच्या खिडक्यांकडे, आणि सुटका नाही असं दिसल्यावर पोटावर हात ठेवला. काकांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का. खाल्लं नव्हतं. काकूंनी पोहे दिले, वर मूठभर शेव घातली. अर्ध्या बशीत राग संपला. उरलेली अर्धी बशी त्यानं त्या बाईची माफी मागण्यात खाल्ली. त्यानंतर तो आमच्या दाराशी आला की न विचारताच ओरडायचा, “बाबूजी, आज पेट फुल है!”

पण त्यांच्यात एक मोठा दोष होता. वेळकाळ त्यांना कळत नसे. नात्यातल्या एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी हुंदके देऊन रडत होती. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. काका गर्दीतून पुढे गेले आणि हळूच तिला म्हणाले, “बेटा, कुठे होतंय? हात ठेवून दाखव.” नवरीनं हुंदका आवरला, काखेत हात घातला आणि म्हणाली, “काका, हा ब्लाउज दुपारपासून इथं काचून राहिला आहे हो.” पाठवणी अर्धा तास लांबली. एक शिवण उसवली तेव्हा नवरी हसत गाडीत बसली आणि तिच्या आईनं काकांशी पुढे वर्षभर बोलणं टाकलं. पुस्तकातली नोंद मी स्वतः वाचली आहे : ‘काख, दोन्ही. कारण : दुःख नाही. शिंपी.’

मी तिथं राहायला गेले त्याच्या सहा महिने आधी माझी आई गेली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. दुपारी चार वाजले की माझ्या छातीखाली जळजळ सुरू व्हायची आणि मी गुलाबी औषधाचे दोन चमचे घ्यायचे. सुटीच्या दिवशी ओट्यावर वाचत बसले असताना काकांनी ती बाटली पाहिली.

“रोज चार वाजताच का हो?”

“ॲसिडिटी आहे,” मी म्हणाले. “दुसरं काही नाही.”

मला वाटलं, आता ‘कुठे’ येणार. आलं नाही. ते उठून आत गेले, त्या दिवशी संध्याकाळी जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी रीडिंगही विचारलं नाही. माझं काय चुकलं ते मला कळेना. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले, उंबऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली, “मॅडम, चार वाजता काय व्हायचं?”

चार वाजता आईचा फोन यायचा. चहा झाला का, एवढंच विचारायला. त्या दिवशी मी औषध घेतलं नाही. चहा ठेवला, आणि तो उतू जाऊन गॅस विझला तरी मला उठता आलं नाही.

काका तीन दिवस गप्प का होते ते मला काकूंनी सांगितलं. दोघी मेथी निवडत बसलो होतो.

काकांना एकच भाऊ. थोरले. धारला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि निवृत्तीनंतरही त्याच दवाखान्याच्या फाटकासमोर राहत होते. दोघांत दीड वर्षाचं अंतर. “हे पाठचे ना,” काकू म्हणाल्या, “लहानपणी दादांच्या सदऱ्याचं टोक धरून शाळेत जायचे. अजून कोणी ओळख विचारली तर स्वतःचं नाव नाही सांगत. धारच्या कंपाउंडरांचा पाठचा, म्हणतात.”

काकूंच्या सासूबाई, म्हणजे या दोघांची आई, वारल्या त्या दिवशीची गोष्ट. स्मशानातून माणसं परत आली होती. काका मोठ्यानं रडत होते. दादा कोपऱ्यात ताठ बसले होते. डोळ्यांत टिपूस नाही. कोणीतरी त्यांना चहा दिला तर म्हणाले, “चहा नको. थंड दूध असेल तर द्या. ॲसिडिटी झाली आहे.” ते ऐकून काका उठले, भरल्या घरात भावाकडे बोट दाखवून ओरडले, “ऐका सगळे! आई गेली आणि याला ॲसिडिटी झाली! दुःख नाही, ॲसिडिटी!”

दादांनी दुधाचा पेला खाली ठेवला. तेरा दिवस मुकाट्यानं सगळं केलं आणि धारला निघून गेले. त्याला अकरा वर्षं झाली होती. ना फोन, ना पत्र.

“आमच्या गावाचं पाणीच तसं आहे,” काकू म्हणाल्या. “दोन राजे भाऊ भाऊ, तर त्यांनी गाव वाटून घेतलं. टेकडीवरच्या दोन्ही माता बहिणी, त्यांचंही एकदा बिनसलं होतं म्हणतात. मग हे दोघे कोण लागून गेले?” मेथीची जुडी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “पण एक सांगते. आधी हे असे नव्हते. आधी हे लोकांना सांगायचे, तुला काय होतंय ते. विचारायला लागले ते त्यानंतर.”

आता त्या भलत्या वेळेबद्दल.

काकू बहिणीकडे सतवासला गेल्या होत्या. सकाळी साडेसातला काकांनी माझं दार वाजवलं. उघडलं तर ते घामानं ओले, चेहरा राखेसारखा, आणि त्या चेहऱ्यावर तोच पहिल्या दिवशीचा आनंद.

“मॅडम, आलं! रीडिंग आलं!”

“कसलं?”

“अकरा वर्षं मी शोधून राहिलो होतो, दादाचं नाव निघालं की मला कुठे काय होतं. काही लागत नव्हतं. आज पहाटे त्याची आठवण आली आणि हे बघा,” त्यांनी छातीच्या मधोमध पंजा ठेवला, “इथं. पोतं ठेवल्यासारखं. पश्चात्ताप आहे हा, मॅडम. शुद्ध पश्चात्ताप. आणि हा डावा हात जड. तेही बरोबर. त्या दिवशी बोट दाखवलं ते याच हातानं. मी डावखुरा ना!”

मी पुस्तकं सांभाळणारी बाई. पण एवढं मलाही कळत होतं. “काका, आधी डॉक्टरकडे चला.”

“डॉक्टर बिल बघेल. मला मीटरवाल्याकडे जायचं आहे, धारला, दादाकडे. गाडी सांगितली आहे. तुम्ही येता की मी एकटा जाऊ?”

त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. इंदूरच्या बाहेरून जाताना मी ड्रायव्हरला म्हणाले, “भैया, कोई भी अस्पताल दिखे तो रोक देना.” मागून काका म्हणाले, “रोकना मत. धार में भी अस्पताल है, और वहाँ मेरा भाई भी है.” ड्रायव्हरनं आरशात त्यांचा चेहरा पाहिला आणि बिचाऱ्यानं गाडीचा वेग वाढवला. घाटाबिल्लोदजवळ मी खिडकीची काच खाली केली.

“काय झालं?” काकांनी विचारलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण विचारायचं सुटलं नव्हतं. “कुठे?”

मी पोटावर हात ठेवला. “जीव घाबरतोय, काका.”

“इकडचा की तिकडचा?”

“दोन्ही.”

त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. “हं. आता आलं तुम्हाला.”

धारला दवाखान्याच्या फाटकासमोर एक उंच, सरळ म्हातारा बनियनवर तुळशीला पाणी घालत होता. काका गाडीचं दार धरून उतरले. अकरा वर्षांनी भाऊ भावासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, मला पश्चात्ताप होऊन राहिला आहे.”

दादांनी तांब्या खाली ठेवला. “कुठे?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा होता. धाकट्याची ही नवी खोड नातेवाइकांकडून त्यांच्या कानावर गेलेलीच होती.

काकांनी हात ठेवून दाखवलं. छाती. मग डावा दंड. मग जबडा.

टोमणा पुसला गेला. दादांनी त्यांचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली आणि धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, “गाढवा, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. चल.”

बनियनवरच त्यांनी रस्ता ओलांडला. एक हात भावाच्या काखेत, दुसरा हात येणाऱ्या मोटारसायकलींना थांबवायला. मी मागून दोघांच्या चपला गोळा करत धावले. स्ट्रेचरवर घालत असतानाही काका बोलतच होते.

“दादा, मी तुझं अंदाजे रीडिंग लिहिलं रे.”

“बोलू नको.”

“दार न उघडता लिहिलं. सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.”

“बोलू नको म्हटलं नं!”

“त्या दिवशी तुला कुठे होत होतं, सांग.”

“ॲसिडिटी होती,” दादा म्हणाले आणि त्यांनी स्ट्रेचर स्वतः ढकलायला घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलं की हार्ट अटॅक आहे, पण वेळेत आणलं. काका वाचले. त्यानंतरची चार वर्षं रोज संध्याकाळी सहा वाजता धारहून फोन यायचा आणि दोघा भावांचा तोच वाद चालायचा. स्पीकर चालू ठेवून काका बोलत, त्यामुळे तो मला माडीवर ऐकू यायचा.

“अटॅकच होता तो,” दादा म्हणायचे. “पेपर आहेत माझ्याकडे.”

“अटॅक होता हे मी कुठे नाकारून राहिलो? पश्चात्तापही होता. एका मीटरवर दोन घरं नसतात का?”

“असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?”

“माझ्या.”

“गोळी घेतली का?”

“घेतली. दादा, त्या दिवशी तुला कुठे होत होतं?”

“ॲसिडिटी. ठेव फोन.”

रोज हेच. सणावारी दादा येत, पुरण खात, ‘गोळी घेतली का’ विचारत आणि या एका प्रश्नाशी आले की ताला बंद. काकांना दुसरं काही नको होतं. एक रीडिंग चुकलं होतं, ते जिवंतपणी दुरुस्त व्हावं, एवढीच त्यांची तळमळ होती. “चौतीस वर्षांत मी एकही अंदाजे लिहिलं नाही, मॅडम,” ते मला म्हणत. “उन्हात दोन दोन फेऱ्या मारल्या, पण दार उघडेपर्यंत थांबलो. आणि सख्ख्या भावाच्या दारात थांबलो नाही.”

गेल्या पौषात, दुपारच्या झोपेतच ते गेले. त्या दिवशी सहाचा फोन यायच्या आत मीच धारला फोन केला. “माझा पाठचा गेला?” एवढंच दादांनी विचारलं.

मी हळूहळू लिहिते. लिहिताना मधे मधे उठते. हे सगळं लिहायला मला सात महिने लागले, त्यातले बरेचसे या पुढच्या चार ओळींसाठी.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पाहुणे पांगले. ओट्यावर दादा ताठ बसले होते. तेरा दिवसांत त्यांच्या डोळ्यांत कोणी टिपूस पाहिलं नव्हतं. काकूंना ते म्हणाले, “थंड दूध असेल तर दे. जरा ॲसिडिटी झाली आहे.”

काकू आत गेल्या. मी आयुष्यात कोणाला न विचारलेली गोष्ट विचारली.

“कुठे?”

दादांनी डोळे वटारले. “आता तुम्हीपण?”

मी काकांचं पुस्तक आणून त्यांच्यासमोर पहिलं पान उघडलं. ते मला काकांनी कधी दाखवलं नव्हतं. मला ते त्यांच्यामागे सापडलं. पानावर एकच ओळ होती, आई गेली त्या दिवशीची. ‘दादा. ॲसिडिटी.’ त्यावर काट मारलेली, आणि बाजूला : ‘अंदाजे. पुन्हा जाणे.’ जागेचा रकाना कोरा होता.

दादांनी खिशातून चष्मा काढला. ती ओळ त्यांनी बोट ठेवून कोऱ्या रकान्यापर्यंत वाचली. मग त्यांनी हात उचलला आणि गळ्याला लावला.

“इथं,” ते म्हणाले. “गिळता येत नव्हतं. चहा गरम होता. दूध जाईल असं वाटलं. तेही गेलं नाही.”

मी लिहिलं : ‘घसा.’

“आणि आत्ता?”

त्यांचा हात पुन्हा उठला. गळ्याकडे गेला, तिथं थांबला नाही. खांद्यावरून मागे गेला, पोचला नाही. मग खालून, कमरेकडून वर सरकला, तिथूनही पोचला नाही.

“मागं,” ते म्हणाले. “बरोबर मधे. हात पुरत नाही.”

काकू पेला घेऊन दारात आल्या. “काय झालं भावोजी? पाठ धरली का?”

दादांचा हात तसाच मागे वळलेला होता. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, जागेच्या रकान्यात ‘पाठ’ लिहिलं आणि कारणाच्या रकान्याशी पेन्सिल नेली.

“राहू दे,” दादा म्हणाले. “जागेतच आलं ते.”